सात महिन्यांचा कारवान-गावठी क्रॉस कुत्रा घरी आणायचा आहे. सोलापूरकरांनो, सल्ला द्या

कडक भाकरी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, अर्धवट माहितीवर तुम्ही तरी काय सांगणार.

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. बैठं घर, पुढे थोडं अंगण, चार फुटी कंपाउंड. घरात सासूबाई, आम्ही दोघं, मुलगी सहावीत आणि मुलगा पाच वर्षांचा. यांचं काम अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात. तिथल्या वॉचमन मामांनी एक कुत्रा सांभाळलाय. आई तिथलीच गावठी, बाप एका मेंढपाळाबरोबर आलेला कारवान, म्हणजे सडपातळ, वेगाने पळणारा शिकारी जातीचा कुत्रा. पायांनी उंच, तोंड निमुळतं, रंग फिकट तांबूस, छातीवर पांढरा पट्टा. मामांच्या हिशोबाने सात महिन्यांचा. मामा आता कायमचे गावी चाललेत आणि त्याला नेणं त्यांना जमणार नाही. कारखान्याच्या गेटबाहेर दिवसरात्र ट्रक. मामा गेल्यावर तो तिथे किती दिवस टिकेल, या विचाराने मला झोप लागत नाही.

मुलांचा हट्ट आहे म्हणून आणायचा, असं नाही. मला स्वतःला तो हवाय. पण एकदा आणला की दहा-बारा वर्षं तो आपला, हे धरूनच विचारतेय. सात महिन्यांचा कुत्रा नव्या घरात रुळतो का, की पिल्लूच आणावं लागतं? धाकट्याजवळ तो कसा राहील? आमच्याकडे अंडंसुद्धा शिजत नाही, मग खायला काय द्यायचं? सासूबाईंची ना नाही, पण देवघर आणि स्वयंपाकघरात तो येता कामा नये, ही त्यांची अट आहे आणि मला ती पटते. शिवाय उन्हाळा तोंडावर आलाय.

उजनीकाठ

ताई, पिल्लूच पाहिजे असं काही नाही. उलट सात महिन्यांचा कुत्रा म्हणजे बरंचसं चित्र समोर असतं: उंची किती होणार, भित्रा आहे की आगाऊ, माणसाजवळ येतो की लांबून बघतो. दीड महिन्याच्या पिल्लात यातलं काहीच कळत नाही. रात्री रडणं, दर दोन तासांनी शू, हा भागही याच्याबाबतीत निघून गेलेला असतो.

पण हे वय वयात येण्याचं आहे. शिकवलेलं विसरल्यासारखं करणार, चपला चावणार, हाकेला ओ देणार नाही. दोन वर्षांचा होईपर्यंत हे कमीजास्त चालतं. नेमके याच वयात लोक कुत्री सोडून देतात. तेवढा काळ काढायची तयारी असेल तर जरूर आणा.

आणि आणायच्या आधी मुलांना तिथे न्या, एकदा नाही, थोड्या थोड्या दिवसांनी. त्याच्या जागेत तो कसा वागतो ते आधी बघा.

गुरांचा डॉक्टर

पशुवैद्यक आहे, ग्रामीण भागात काम करतो. तब्येतीचं मी सांगतो, बाकीचं अनुभवी लोक सांगतीलच.

कारखान्यातून थेट घरी नेऊ नका. वाटेत डॉक्टरांकडे न्या. वय दातांवरून कळेल: दुधाचे दात २८ असतात, ते साधारण चौथ्या ते सातव्या महिन्यात पडून ४२ पक्के दात येतात. सगळे सुळे पक्के आले असतील तर मामांचा हिशोब बरोबर आहे.

आधीच्या लसींची नोंद नसेल तर लस झालीच नाही असं धरून चालायचं. डिस्टेंपर, पार्व्हो, कावीळ आणि लेप्टो यांची एकत्रित लस मिळते. एक डोस आता, दुसरा तीन-चार आठवड्यांनी, मग दरवर्षी. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयानंतर कधीही देता येते. तीही डॉक्टर सांगतील त्या तारखांना द्या आणि पुढे चुकवू नका. जंताचं औषध वजनावर, म्हणून आधी वजन करून घ्या.

पार्व्होबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आपल्या भागात तरुण कुत्री सगळ्यात जास्त त्यानेच जातात. उलट्या, रक्ताचे वास मारणारे जुलाब, दोन दिवसांत अंगातलं पाणी संपतं. हा विषाणू मातीत कित्येक महिने तग धरतो आणि साध्या फिनेलने मरत नाही, ब्लीच लागतं. दुसरा डोस होऊन आठ-दहा दिवस जाईपर्यंत त्याला उकिरड्याजवळ किंवा अनोळखी कुत्र्यांची विष्ठा असते अशा जागी नेऊ नका. कुत्रा एक दिवस मलूल दिसला आणि जेवला नाही, तर 'उद्या बघू' म्हणू नका.

दुसरं गोचीड. हिरड्या बोटाने वर करून बघा. गुलाबी असाव्यात, पांढुरक्या नकोत. पांढुरक्या असतील, ताप असेल, तर रक्त तपासायला सांगा. गोचिडामुळे होणारा ताप आतून रक्त खातो आणि कुत्रा बरेच दिवस वरून ठीक दिसतो. गोचीड काढताना चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायचा, नखाने चिरडायचा नाही. मादी गोचीड कुत्र्यावरून उतरून भिंतीच्या फटीत हजारोंनी अंडी घालते, त्यामुळे फक्त कुत्रा धुऊन भागत नाही. हात जोडून सांगतो, गुरांचं औषध किंवा इंजेक्शन कुत्र्याला आपल्या अंदाजाने देऊ नका. त्यात जीव जातात.

नसबंदी करायचीच, पण उंच हाडापेराच्या कुत्र्याची वाढ पूर्ण होऊ द्यावी असं माझं मत आहे, म्हणजे वर्षाच्या पुढेमागे. भूल देताना 'हा कारवानचा क्रॉस आहे' हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. या जातीच्या अंगावर चरबी फार कमी असते, त्यामुळे काही भुलीची औषधं त्यांना जड जातात आणि शुद्धीवर यायला वेळ लागतो.

त्याचा दात किंवा नख लागलं, अगदी ओरखडा असला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. हळद, चुना, मिरचीपूड यातलं काहीही लावायचं नाही. मुलांना भीती न घालता सांगा: ओरखडा लपवायचा नाही, कुणी रागावणार नाही.

माणदेशी वारा

सांगोल्याकडचा आहे. आमच्यात आजोबांपासून कारवान. तुमच्या कुत्र्यात निम्मं जरी ते रक्त असलं तरी काही गोष्टी आत्ताच ऐकून ठेवा.

हा कुत्रा वासापेक्षा डोळ्यावर चालतो. लांब शेताच्या टोकाला ससा हलला की गेला. त्या क्षणी त्याला तुमची हाक ऐकूच जात नाही. तो मुद्दाम करत नाही, त्याची घडणच तशी आहे. मांजर, कोंबडी, शेजाऱ्याचं बकरू, रस्त्यावरची मोपेड, जे पळतं त्यामागे तो पळणार. म्हणून उघड्यावर साखळी सोडायची नाही, कितीही शहाणा वाटला तरी. मोकळं पळवायचं असेल तर चारी बाजूंनी बंद असलेलं मैदान बघा.

तुमचं चार फुटी कंपाउंड त्याला काहीच नाही. पूर्ण वाढला की उभ्या उडीत पलीकडे. वर दोन-तीन फूट जाळी बसवून घ्या. काटेरी तार मात्र लावू नका. यांची कातडी पातळ असते, तारेला घासली तर सरळ फाटते. टाके घालून आणलेत मी.

पट्ट्याचंही बघा. यांची मान डोक्याइतकीच रुंद असते. साधा पट्टा घातला की मागे ओढून डोकं काढून मोकळे होतात. ओढल्यावर थोडा आवळणारा मार्टिंगेल पट्टा घ्या, नाहीतर छातीवरून बांधायचा हार्नेस. सुरुवातीला दोन्ही लावलेत तर अजून बरं.

आणि बरगड्या दिसतात म्हणून शेजारीपाजारी 'उपाशी ठेवता का' म्हणतील. मागच्या दोन-तीन बरगड्या दिसणं या अंगकाठीला बरोबर आहे. लोकांच्या बोलण्याने खाऊ घालून जाड करू नका.

सकाळ-संध्याकाळ पळायला मिळालं तर बाकी दिवस हा पडून असतो, घरात आहे की नाही कळत नाही. सैन्याने प्रशिक्षणासाठी मुधोळ (कारवानचंच दुसरं नाव) घेतले, २००५ साली पोस्टाने तिकीट काढलं, तेव्हा शहरात लोकांना कौतुक वाटायला लागलं. आमच्या धनगरवाड्यांनी ही जात त्याच्या कितीतरी आधीपासून भाकरी-ताकावर राखलीय. तुमच्या घरी असा एक जातोय म्हटल्यावर लई बरं वाटलं.

सात रस्ता

माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट सांगतो. पाच वर्षांचं मूल आणि पळत्या वस्तूमागे धावणारा मोठा कुत्रा, हा मेळ मला धोक्याचा वाटतो. लहान मुलं पळतात, किंचाळतात, पडतात. शिवाय घरातली सगळी कामं तुमच्यावरच आहेत असं लिहिण्यावरून वाटतं. सकाळी साडेपाचला त्याला कोण नेणार? मे महिन्यात गावी जाल तेव्हा काय? चार दिवसाआड येणाऱ्या पाण्यात त्याचं अंग कोण धुणार? 'सगळे मिळून करू' हे उत्तर नाही. नावं ठरवा. नावं ठरत नसतील तर त्याच्यासाठी दुसरं चांगलं घर शोधणं हेसुद्धा त्याचं भलंच आहे.

शेळगीची ताई

सात रस्ता यांचा शेवटचा मुद्दा शंभर टक्के पटला. आमच्याकडे फ्रिजवर कागद लावलाय: सकाळचं फिरवणं मुलगा, संध्याकाळचं मी, जेवण सासरे, डॉक्टर आणि औषधं मिस्टर. सासऱ्यांनी स्वतःहून जेवण मागून घेतलं आणि आता त्यांच्याशिवाय आमची कुत्री ताटलीला तोंड लावत नाही.

खाण्याचं सांगते, आमचंही घर शाकाहारी. नुसत्या दूध-भाकरीवर कुत्रा जगतो, पण वाढत नाही. मोठ्या कुत्र्यांना दूध बऱ्याचदा पचतही नाही, जुलाब होतात. दही-ताक चालतं. वाढत्या वयात त्याला प्रथिनं आणि कॅल्शियम मोजून लागतं, ते घरच्या शाकाहारी जेवणातून नेमकं बसवणं अवघड आहे. म्हणून निम्मा भाग चांगलं, पिल्लांसाठीचं कोरडं तयार खाद्य, त्याच्या पाकिटावर वजनाप्रमाणे माप असतं. उरलेल्यात ज्वारीची भाकरी कुस्करून, बिनमिठाचं वरण, शिजवलेला लाल भोपळा किंवा गाजर, पनीर, दही. अंड्याचं म्हणाल तर आमच्या गच्चीवर एक छोटी शेगडी आणि वेगळं पातेलं आहे. अंडी तिथे उकडतात, टरफलं तिथूनच बाहेर जातात. सासूबाईंना हे आधी विचारलं होतं. न विचारता केलं असतं तर घरात कायमचा सल राहिला असता.

आता काय द्यायचं नाही ते. आपल्या आमटीत, भाजीत, शेंगाचटणीत कांदा नाहीतर लसूण असतोच, आणि दोन्ही कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात. म्हणून ताटातलं उरलेलं देणं बंद. द्राक्षं आणि बेदाणे तर अजिबात नाहीत, थोड्यानेही मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. आपल्याकडे पंढरपूर-सांगलीचे बेदाणे घरोघरी डब्यात असतात आणि मुलं खाली सांडतात. शिऱ्यातलाही काढून द्यायचा नाही, शिराच द्यायचा नाही. चॉकलेट नाही, साखरविरहित च्युइंगम नाही. तापावरच्या आणि अंगदुखीच्या आपल्या गोळ्या तर कधीच नाहीत.

कडक भाकरी (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. सात रस्ता दादा, तुमचा प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. त्यावर यांनी सकाळची फेरी स्वतःकडे घेतली, मुलीने संध्याकाळची, आणि मेमध्ये आम्ही एकाच वेळी सगळे गावी जाणार नाही हे ठरलं. सासूबाई म्हणाल्या, अक्कलकोटला जाऊन दत्ताच्या पायाशी बसलेल्या कुत्र्यांना आपण नमस्कार करतो, मग दारात आलेल्याला नको कसं म्हणायचं. अट कायम आहे, पण अंड्याला हो म्हणाल्यात, गच्चीवर.

मुलांना घेऊन आम्ही कारखान्यात जाऊन आलो. धाकट्याला सांगितलं होतं, त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही, बाजूला तोंड करून बसायचं. तो सुताच्या कोनांच्या पोत्यावर बसला. कुत्रा आधी लांबून फिरला, मग मागून आला, बुटाचा वास घेतला, कोपराचा घेतला, आणि त्याच्या शेजारी पोत्याला पाठ लावून बसला. तेवढ्यात गेटातून ट्रक आला तसा उठून ताण्याच्या मशीनखाली गेला, तो बराच वेळ बाहेरच आला नाही. म्हणजे आवाजाला घाबरतो.

एक गोष्ट मात्र खटकली. तो खात असताना मामांनी ताटली सरकवली तेव्हा तो एकदम ताठ झाला. गुरगुरला नाही, पण खाणं थांबवून, मान खाली धरून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत राहिला. हे काय समजायचं?

उजनीकाठ

चांगलं टिपलंत. ते ताठ होणं म्हणजे 'माझ्या अन्नापासून लांब राहा' असं सांगणं. गुरगुरण्याच्या आधीची पायरी. कारखान्यात इतर कुत्र्यांशी झगडून खाल्लेल्या जनावरात हे असतंच, त्यावरून तो वाईट ठरत नाही.

ताटलीत हात घालून 'मालक कोण ते दाखवा' असं लोक सांगतील. ते करू नका. त्याची भीती खरी ठरते आणि पुढच्या वेळी तो सरळ दात लावतो. उलटं करा. तो खात असताना पुरेसं अंतर ठेवून बाजूने जा आणि जाता जाता पनीरचा तुकडा ताटलीकडे टाका, थांबू नका. तो ताठ होत नाहीसा झाला की पुढच्या वेळी थोडं जवळून. हळूहळू माणूस जवळ आला म्हणजे काहीतरी चांगलं येतं हे त्याच्या डोक्यात बसतं. तोंडात काही धरलं असेल तर ओढू नका, त्याहून चांगलं काही देऊन बदलून घ्या. हे सगळं मोठ्यांनी करायचं. त्याच्या जेवणाच्या वेळी धाकटा त्या खोलीत नकोच, मध्ये दार किंवा लाकडी फाटक हवं. आणि गुरगुरला तर मारू नका. गुरगुरणं बंद केलेला कुत्रा न सांगता चावतो.

गुरांचा डॉक्टर

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. पुढे पाच-सहा महिने मूल आणि कुत्रा दोघंच एका खोलीत नकोत, दोन मिनिटांसाठीही नकोत. झोपलेल्या कुत्र्याला मुलाने हात लावायचा नाही.

कडक भाकरी (धागाकर्ती)

तो घरी आलाय! नाव मुलीने ठेवलं, वारू.

तपासणी झाली, वजन साडेचौदा किलो, हिरड्या गुलाबी, पहिली लस टोचली. गोचीड निघाले, त्याचं औषध सुरू आहे. सुरुवातीचे दिवस जड गेले. जिन्याखाली जाऊन बसला, समोर ठेवलेलं रात्री सगळे झोपल्यावर खायचा. आम्ही कुणी ओढून बाहेर काढलं नाही. जिन्याखालीच त्याचं अंथरूण घातलं, फाटकी सोलापुरी चादर चौघडी करून. आता ती जागा त्याचीच आणि मुलांना तिथे बंदी. शू मात्र हॉलच्या कोपऱ्यातच करतो, ठरलेल्या एका फरशीवर. काय करू?

शेळगीची ताई

वारू! छान नाव. कारखान्यात फरशीवरच करत होता बिचारा, त्याला फरक काय कळणार. झोपून उठला, खाल्लं, खेळला की लगेच अंगणात न्या, एकाच जागी. तिथे केल्याबरोबर, पाठ वळवायच्या आत, कौतुक आणि खाऊ. घरात झालं तर न बोलता पुसा. शहाबादी फरशी वास धरून ठेवते, म्हणून नुसतं पाणी मारून भागत नाही, नीट धुऊन पुसा आणि वाळू द्या. नाक घासणं वगैरे प्रकार करू नका, तो फक्त तुमच्यापासून लपून करायला शिकेल.

माणदेशी वारा

तीन दिवस घाबरण्याचे, तीन आठवडे घर ओळखायचे, तीन महिने आपलं म्हणायचे. पाहुण्यांची गर्दी करू नका एवढ्यात. जाळीचं काम झालं का?

कडक भाकरी (धागाकर्ती)

जाळी झाली. शू अंगणात सुरू झाली, कधीतरी चुकते. ताटलीपाशी आता मी जवळून गेले तर शेपूट हलवतो. पण एप्रिल लागलाय, पारा चाळिशीच्या वर, आणि तो दिवसभर धापा टाकतोय. कूलर आहे, पण दुपारी लाईट जाते.

गुरांचा डॉक्टर

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धाप टाकूनच तो अंग गार करतो. त्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०४ च्या वर गेलं की काळजीचं, १०६ म्हणजे जिवाशी खेळ. फिरवणं उजाडायच्या सुमारास आणि रात्री रस्ता निवल्यावर. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद ठेवता आली नाही तर त्याचे पायही भाजणार. पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवा, मातीच्या पसरट कुंडीत. नळाला पाणी येतं त्या दिवशी त्याच्या वाटणीचा एक हंडा वेगळा भरून ठेवा, म्हणजे शेवटच्या दिवशी काटकसर त्याच्यावर येत नाही. लाईट गेली की खिडकीला ओलं गोणपाट आणि खाली मोकळी शहाबादी. अंथरूण दुपारी काढून टाका.

लाळ चिकट झाली, जीभ गडद लाल झाली, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या, तर तो उष्माघात. सावलीत आणून पोट, जांघा, पंजे साध्या पाण्याने भिजवा, पंखा लावा आणि तसंच दवाखान्यात न्या. बर्फ घालू नका, शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. पातळ केसांचा आहे म्हणून ऊन सोसेल, असं समजू नका.

पार्क चौक

आमचा अपार्टमेंटमधला प्रश्न आहे, इथेच विचारतो. सोसायटी म्हणते लिफ्टमधून कुत्रा न्यायचा नाही.

उजनीकाठ

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक सूचना आहे: सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. ती छापून सचिवांना द्या. पण त्याचबरोबर लसीचा दाखलाही द्या, आणि विष्ठा उचलायची पिशवी कायम खिशात ठेवा. शेजाऱ्यांच्या मनातली भीती कागदाने जात नाही, आपण कसं वागतो ते रोज बघितल्यावर जाते.

सात रस्ता

कडक भाकरी ताई, वारू कसा आहे? मी विरोधात लिहिलं होतं, पण धागा रोज बघूलालोय.

कडक भाकरी (धागाकर्ती)

दादा, उन्हाळा निभावला. उंची माझ्या गुडघ्याच्या बरीच वर गेली. दुसरा डोस आणि रेबीजची लस, दोन्ही झालंय. मुलगी संध्याकाळी हार्नेस हातात घेते तेव्हा तो दोन्ही पाय पुढे पसरून वाकतो आणि मगच उठतो. मुलगा त्याच्यासमोर पळत नाही, हे त्याला पाठ झालंय. पळायचं असेल तर आधी येऊन सांगतो, मग मी वारूला आत घेते. सासूबाई दुपारी वाती वळत बसतात, तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला हनुवटी टेकून बाहेर थांबतो. उंबरा त्याने ओलांडलेला नाही.

आता दिवाळी जवळ आली, आणि पुढे जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. होम मैदानावरचं दारूकाम आमच्याकडे लांबून ऐकू येतं, पण ट्रकच्या आवाजाला पळणाऱ्याचं काय होईल?

उजनीकाठ

तयारी आत्तापासून. फटाक्यांच्या आवाजाचं रेकॉर्डिंग मोबाइलवर अगदी बारीक लावायचं, त्याच वेळी पनीर द्यायचं, तो बिनधास्त खात असेल तरच दुसऱ्या दिवशी आवाज किंचित वाढवायचा. कान उभे राहिले की मागे या. त्या रात्रीसाठी जिन्याखालची जागा तिन्ही बाजूंनी जाड चादरींनी बंद करा, पंखा किंवा टीव्ही सुरू ठेवा, दिवस मावळायच्या आत फिरवून आणा. गळ्यात तुमच्या फोन नंबरचा बिल्ला हवाच. दिवाळीत पळून गेलेली कुत्री घर शोधत पाच-सहा किलोमीटर लांब सापडतात, आणि तुमचा तर पळणारा आहे. घाबरून तो जवळ आला तर खुशाल जवळ घ्या, त्याने भीती वाढत नाही.

गुरांचा डॉक्टर

थरथर फार असेल, भिंती खरवडत असेल तर औषध आहे. पण ते वजन बघून डॉक्टरांनी द्यायचं आणि आठवडाभर आधी एकदा देऊन बघायचं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फोन करू नका, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात त्याला घेऊनच या तुमच्या डॉक्टरांकडे. वजनही होईल. नसबंदीची तारीख त्याच वेळी ठरवून घ्या, गड्डा झाल्यावरची.